छंदातून पैसे येऊ लागल्यावर प्राप्तिकराचा हिशोब कसा लावावा : सोलापूरच्या घरगुती उद्योजकांसाठी

सोलापुरात घरच्या हुन्नरातून पैसा मिळवण्याची रीत जुनी आहे. चादरी आणि टॉवेलांच्या मागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहरात आजही कितीतरी घरांत शेंगाचटणी कुटली जाते, कडक भाकऱ्यांच्या थप्प्या पुण्याला रवाना होतात, कोणी ब्लाउजवर आरीकाम करते, आणि बँकेत नोकरी करणारा एखादा तरुण लग्नसराईत कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर पडतो. सुरुवात हौसेने होते, ओळखीतून मागणी वाढते, यूपीआयवर रकमा जमा होऊ लागतात आणि वर्षाअखेरीस प्रश्न पडतो की हे उत्पन्न विवरणपत्रात दाखवायचे का, आणि दाखवायचे तर कोणत्या सदराखाली. उत्तरासाठी इंटरनेटवर शोध घेणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा परदेशातले नियम लागतात. पाचपैकी तीन वर्षे नफा झाला तर तो धंदा समजावा, हे गृहीतक अमेरिकी करकायद्याच्या कलम १८३ मधले आहे आणि वर्षाला एक हजार पौंडांपर्यंतची सूट ब्रिटनमधली आहे. यातले काहीही भारतात लागू होत नाही.

आपल्या प्राप्तिकर कायद्यात छंदाच्या उत्पन्नासाठी वेगळा वर्ग नाही आणि वेगळी सूटही नाही. पूर्वी कलम १०(३) खाली अधूनमधून, अनपेक्षितपणे मिळालेल्या रकमांना पाच हजार रुपयांपर्यंत सूट होती. ते कलम १ एप्रिल २००३ पासून काढून टाकण्यात आले. त्यामुळे "थोडेसेच तर मिळतात, त्यावर कसला कर" हा समज सोडून द्यावा. कर लागेल की नाही हे एकूण उत्पन्नावर ठरते, पण उत्पन्न मोजायचे मात्र पहिल्या रुपयापासून. खरा प्रश्न एवढाच उरतो की ते "व्यवसाय किंवा पेशा" या सदरात बसते की "इतर स्रोत" या सदरात. या लेखातील कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातील आहेत. त्याची जागा घेणारा २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतो, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत आणि मागील वर्ष (ज्यात उत्पन्न मिळाले ते) व कर आकारणी वर्ष (त्याच्या पुढचे) या जोडीऐवजी "कर वर्ष" ही एकच संज्ञा आली आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नाचे विवरणपत्र मात्र जुन्याच कायद्याप्रमाणे भरायचे आहे.

हौस आणि धंदा यांची सीमा

कलम २(१३) मध्ये व्यवसायाची व्याख्या सैल ठेवलेली आहे: व्यापार, उत्पादन, आणि व्यापाराच्या स्वरूपाचा कोणताही उपक्रम. तिचा अर्थ न्यायालयांनी लावला. नारायण स्वदेशी वीव्हिंग मिल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये म्हटले की व्यवसाय म्हणजे ठरावीक हेतूने, पद्धतशीरपणे आणि संघटितपणे चालवलेले खरेखुरे काम. पुढे जी. व्यंकटस्वामी नायडू यांच्या प्रकरणातील निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की एकच व्यवहारसुद्धा व्यापाराच्या स्वरूपाचा असू शकतो, आणि त्यासाठी एखादी ठरावीक कसोटी लावून भागत नाही, तर सगळी परिस्थिती एकत्र पाहावी लागते. म्हणजे रक्कम किती, हा निर्णायक मुद्दा नाही. माल विकण्यासाठीच बनवला का, कच्चा माल त्याच हिशेबाने घेतला का, काम पुन्हापुन्हा होते का, दर ठरलेला आहे का, जाहिरात केली का, नफ्याचा हेतू दिसतो का, हे पाहिले जाते.

एखाद्या शिक्षकाने आकाशवाणीच्या सोलापूर केंद्रावर कविता वाचली आणि मानधन मिळाले, किंवा रांगोळी उत्तम काढते म्हणून एखाद्या बाईंना शाळेने स्पर्धेचे परीक्षण करायला बोलावले आणि पाकीट दिले, तर ते "इतर स्रोत" या सदरात जाते, यात वादाला जागा नाही. याउलट दर जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत भाड्याने जागा घेऊन हातच्या वस्तू विकणारी व्यक्ती वर्षात मोजके दिवसच विक्री करत असली, तरी माझ्या मते तो व्यवसायच आहे. माल आधीपासून तयार होतो, जागेचे भाडे भरले जाते, किंमत नफा धरून ठरते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायचे असते. दिवस कमी असले म्हणून स्वरूप बदलत नाही.

घरातल्या जुन्या साड्या किंवा भांडी विकून आलेला पैसा या दोन्हींत मोडत नाही. वैयक्तिक वापराच्या वस्तू भांडवली मालमत्तेतून वगळलेल्या आहेत. दागिने, चित्रे, शिल्पे आणि पुरातत्त्वीय संग्रह मात्र स्वतःच्या वापरातले असले तरी वगळलेले नाहीत. त्यांच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा विचार करावा लागतो. शेतीचे म्हणाल, तर सांगोल्याच्या डाळिंबाचे किंवा मंगळवेढ्याच्या ज्वारीचे उत्पन्न करमुक्त आहे आणि रोपवाटिकेत वाढवलेल्या रोपांचे उत्पन्नही कायद्याने शेतीचेच मानले आहे. पण हौसेने पाळलेल्या गाईचे दूध किंवा कोंबड्यांची अंडी विकून आलेला पैसा शेतीचा ठरत नाही. तिथे अनेकांची गफलत होते.

सदर बदलल्याने नेमका काय फरक पडतो

छायाचित्रकाराचे उदाहरण आकड्यांनिशी पाहू, कारण फरक आकड्यांतच दिसतो. समजा, एका बँक कर्मचाऱ्याचा २०२५-२६ चा पगार ११,८०,००० रुपये आहे. नव्या करप्रणालीत (जिथे दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन ११,०५,००० उरतात, आणि बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम ८७ए ची सवलत असल्याने कर शून्य होतो. त्याच वर्षी त्याने लग्नांचे फोटो काढून २,४०,००० रुपये मिळवले. अल्बम छपाई, प्रवास आणि मदतनीस यांवर ७२,००० खर्च झाले. आणि मे महिन्यात १,२०,००० रुपयांचा कॅमेरा घेतला.

हे उत्पन्न "इतर स्रोत" या सदरात दाखवले, तर कलम ५७ खाली उत्पन्न मिळवण्यासाठीच झालेला खर्च वजा करता येतो, पण अशा उत्पन्नातून कॅमेऱ्याचा घसारा, म्हणजे वापराने किमतीत होणाऱ्या घटीची वजावट, मिळत नाही. मिळकत १,६८,००० धरली जाते, एकूण उत्पन्न १२,७३,००० होते आणि उपकर धरण्यापूर्वीचा कर ७०,९५० रुपये येतो. हेच उत्पन्न व्यवसायाचे म्हणून दाखवले, तर कॅमेऱ्यावर १५ टक्के म्हणजे १८,००० रुपये घसारा मिळतो आणि एकूण उत्पन्न १२,५५,००० वर येते. त्यावर टप्प्यांप्रमाणे ६८,२५० रुपये कर निघतो. पण बारा लाखांच्या किंचित वर गेलेल्यांसाठी जो दिलासा ठेवलेला आहे, त्यानुसार कर बारा लाखांवरच्या रकमेपेक्षा जास्त होऊ शकत नाही, म्हणून तो ५५,००० वर थांबतो. फरक १५,९५० रुपयांचा पडला. दुसरी गोष्ट अशी की फोटोंचे काम नसते तर या गृहस्थांना एक रुपयाही कर नव्हता. बारा लाखांच्या उंबरठ्यावर पगार असलेल्याने जोडकामाचा दर ठरवतानाच हा हिशोब करावा.

केवळ घसाऱ्यासाठी धंदा दाखवावा, असा मात्र याचा अर्थ नव्हे. सदर निवडण्याचा अधिकार करदात्याला नाही. कामाचे स्वरूप सदर ठरवते. शिवाय पगारदाराने व्यवसायाचे उत्पन्न दाखवले की दोन गोष्टी बदलतात. आयटीआर-१ हा सोपा नमुना त्याला वापरता येत नाही, आयटीआर-३ किंवा आयटीआर-४ भरावा लागतो. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे जुनी की नवी करप्रणाली, हे दरवर्षी मनाप्रमाणे बदलण्याची मोकळीक जाते. व्यवसायाचे उत्पन्न असलेल्याला जुन्या प्रणालीत राहायचे असल्यास मुदतीपूर्वी फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि एकदा नव्या प्रणालीत परतल्यावर व्यवसायाचे उत्पन्न चालू असेपर्यंत पुन्हा जुन्या प्रणालीत जाता येत नाही. घरकर्ज, विमा आणि भविष्य निर्वाह निधी यांच्या वजावटींवर ज्यांचे सगळे नियोजन बेतलेले आहे, त्यांनी हा मुद्दा विवरणपत्र भरण्याच्या दिवशी नव्हे, तर काम सुरू करतानाच लक्षात घ्यावा.

छंदाचा खर्च दाखवून पगारावरचा कर कमी करावा, असा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. कलम ७१(२ए) नुसार व्यवसायाचा तोटा पगारातून वजा होत नाही. विवरणपत्र मुदतीत भरले असेल, तर तो पुढील आठ वर्षे व्यवसायाच्याच नफ्यातून वजा करता येतो, इतकेच. आणि जे काम मुळात हौसेचेच आहे, त्यावरचा खर्च वैयक्तिक असल्याने कोणत्याच सदरात मान्य होत नाही.

सरकारी कर्मचाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे खाजगी व्यापार करण्यावर निर्बंध आहेत, आणि प्रासंगिक स्वरूपाचे साहित्यिक वा कलाविषयक काम वेगळे मानले जाते. कर भरला म्हणजे कार्यालयाची परवानगी मिळाली, असे होत नाही.

घरगुती धंद्यासाठी अनुमानित उत्पन्नाची सोय

ज्या भगिनी घरून चटणी, भाकरी, पापड, शिवणकाम असे काम नियमितपणे करतात, त्यांनी ते व्यवसाय म्हणूनच दाखवावे, असे माझे ठाम मत आहे. कलम ४४एडी, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवरून नफा धरण्याची सोय, त्यांच्यासाठी फार उपयोगी आहे. वार्षिक उलाढाल दोन कोटींपर्यंत असल्यास (आणि रोख जमा पाच टक्क्यांहून अधिक नसल्यास तीन कोटींपर्यंत) बँक किंवा यूपीआयमार्फत आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के आणि रोखीच्या किमान ८ टक्के नफा दाखवला की कायद्याने ठरवलेली हिशोबवही ठेवण्याचे आणि लेखापरीक्षणाचे बंधन राहत नाही. कमिशन, दलाली किंवा एजन्सीच्या कामाला ही सोय नाही. वकिली, वैद्यकी, अभियांत्रिकी, वास्तुरचना, अंतर्गत सजावट अशा ठरावीक पेशांसाठी कलम ४४एडीए वेगळे आहे आणि तिथे किमान निम्मी जमा नफा धरावी लागते.

समजा, एका भगिनीची वर्षाची विक्री सहा लाखांची आहे, त्यातले साडेचार लाख यूपीआयने आणि दीड लाख रोखीने आले. किमान नफा २७,००० अधिक १२,००० म्हणजे ३९,००० होतो. पण शेंगदाणे, लसूण, मिरची, गॅस, पिशव्या आणि मदतीला येणाऱ्या बाईंची मजुरी वजा जाऊन तिच्या हाती खरे १,८०,००० राहत असतील, तर तिने ३९,००० दाखवू नयेत, १,८०,००० दाखवावेत. ६ आणि ८ टक्के हा तळाचा आकडा आहे, खरा नफा अधिक असेल तर तो दाखवणेच योग्य. यात तिचे नुकसानही नाही, कारण नव्या प्रणालीत चार लाखांपर्यंत कराचा दरच शून्य आहे. उलट दोन-तीन वर्षांची अशी विवरणपत्रे हातात असली की मुद्रा कर्जासाठी बँकेत गेल्यावर तिची परतफेडीची ताकद कागदावर दिसते. नवऱ्याच्या पगारपत्रकावर अवलंबून न राहता स्वतःच्या नावावर ग्राइंडर किंवा भाकरीचे यंत्र घेता येणे, ही छोटी गोष्ट नाही. केंद्र सरकारची लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणीही विनाशुल्क होते. ती करून ठेवावी. खाद्यपदार्थ विकणाऱ्या घरगुती उत्पादकालाही अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आवश्यक आहे, हेही विसरू नये.

या सोयीला एक अट आहे. एकदा ४४एडी स्वीकारल्यावर पुढील पाच वर्षांत मध्येच तिच्याबाहेर पडलात, तर त्यानंतरची पाच वर्षे तिचा लाभ मिळत नाही, आणि एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असल्यास हिशोबवह्या व लेखापरीक्षण मागे लागते. ज्यांचा नफा दरवर्षी खालीवर होतो, त्यांनी यात शिरण्यापूर्वी सल्लागाराशी बोलावे. वर्षाचा देय कर दहा हजार किंवा त्याहून अधिक होणार असेल, तर ४४एडी खाली सगळा अग्रिम कर (वर्ष संपण्यापूर्वीच भरायचा कर) १५ मार्चपर्यंत एका हप्त्यात भरता येतो.

घरातल्या घरातले पैसे

पतीने दिलेल्या पैशांतून पत्नीने धंदा सुरू केला, तर कलम ६४ लागते, आणि याची कल्पना फार थोड्यांना असते. वर्षाच्या पहिल्या दिवशी धंद्यात असलेल्या भांडवलापैकी जेवढा हिस्सा पतीने मोबदल्याशिवाय दिलेला असेल, त्या प्रमाणात नफा पतीच्या उत्पन्नात मिळवला जातो. एक लाखाच्या भांडवलात साठ हजार पतीचे असतील आणि नफा दीड लाख झाला, तर नव्वद हजार पतीच्या विवरणपत्रात जातात. पती तीस टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर हे महागात पडते. यावर उपाय सरळ आहे: सुरुवात स्त्रीधनातून, माहेरून आलेल्या रकमेतून किंवा बँकेच्या कर्जातून करावी, पतीकडूनच घ्यायचे असल्यास लेखी कर्ज म्हणून, वाजवी व्याजासह, बँकेमार्फत घ्यावे आणि ते खरोखर फेडावे.

अल्पवयीन मुलांचे उत्पन्न एरवी आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त, त्याच्यात मिळवतात. पण मुलाने स्वतःच्या कौशल्याने किंवा कलेने कमावलेले उत्पन्न त्याला अपवाद आहे. गाणाऱ्या किंवा तबला वाजवणाऱ्या मुलीला कार्यक्रमाचे मानधन मिळाले, तर ते तिचेच उत्पन्न, आणि त्यासाठी तिचे स्वतंत्र पॅन काढणे शहाणपणाचे. ते मानधन मुदत ठेवीत ठेवल्यावर येणारे व्याज मात्र पालकांच्या उत्पन्नात जाते.

सीमेपलीकडचा ग्राहक

जीएसटीत व्यवसायाची व्याख्या प्राप्तिकराहून रुंद आहे. तिथे नफ्याचा हेतू नसला तरी व्यवसाय ठरू शकतो. महाराष्ट्रात केवळ माल विकणाऱ्याला साधारणपणे चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला वीस लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. पण ही माफी मालाच्या बाबतीत राज्यांतर्गत विक्रीपुरती आहे, आणि सोलापूर कर्नाटकाच्या उंबऱ्याशी असल्याने इथे ती नेमकी निसटते. पुण्याला पार्सल गेले तर अडचण नाही. विजापूर, कलबुर्गी किंवा हैदराबादच्या ग्राहकाला करपात्र माल पाठवला, तर उलाढाल कितीही लहान असली तरी सर्वसाधारणपणे नोंदणी सक्तीची होते. ठरावीक हस्तकला वस्तूंना यात वीस लाखांपर्यंत सवलत आहे, आणि जो केवळ करमुक्त माल विकतो त्याला नोंदणीची गरज नाही. म्हणून परराज्यातली ऑर्डर स्वीकारण्यापूर्वी आपला पदार्थ किंवा वस्तू कोणत्या दरात येते, ते पाहून घ्यावे.

नोंदी आणि मागची वर्षे

कायद्याने वही ठेवण्याचे बंधन नसले तरी साधी कीर्द ठेवावी: तारीख, कोणाकडून आले, किती, रोख की बँकेत, आणि समोरच्या पानावर खर्च. पहिल्या ऑर्डरपासून या कामासाठी वेगळे बँक खाते वापरावे. घरच्या खात्यातच धंद्याचे पैसे आले की भावाने परत केलेले उसने पैसे आणि चटणीचे पैसे वर्षभरानंतर वेगळे करता येत नाहीत, आणि विचारणा झाल्यावर प्रत्येक जमेचा खुलासा द्यावा लागतो. प्रत्यक्ष खर्च वजा करून हिशोब करणाऱ्यांनी एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांहून अधिक रोख देऊ नये, कारण तो खर्च मान्य होत नाही. विवरणपत्र भरण्यापूर्वी प्राप्तिकराच्या संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उतरवून घ्यावे. ऑनलाइन विक्री मंचाने किंवा एखाद्या संस्थेने कर कापला असेल, तर तो तिथे दिसतो; तो कोणत्या कलमाखाली कापला आहे हेही पाहावे, कारण संस्थेने पेशाचे शुल्क म्हणून कापलेला कर आणि तुम्ही "इतर स्रोत" म्हणून दाखवलेले उत्पन्न यांत तफावत दिसल्यास खुलाशाची तयारी हवी. एकूण उत्पन्न करपात्र नसेल, तर कापलेला कर परत मिळवण्यासाठी विवरणपत्र भरावेच लागते.

मागच्या वर्षांचे उत्पन्न दाखवायचे राहून गेले असेल, तर नोटिशीची वाट न पाहता अद्ययावत विवरणपत्र, म्हणजे आयटीआर-यू, भरावे. आकारणी वर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत ते भरता येते. पहिल्या वर्षात भरल्यास कर आणि व्याजावर २५ टक्के जादा रक्कम द्यावी लागते, दुसऱ्या वर्षात ५० टक्के, तिसऱ्यात ६० आणि चौथ्यात ७० टक्के. त्यातून तोटा दाखवता येत नाही किंवा परतावा मागता येत नाही. ज्या वर्षी काम हौसेच्या पलीकडे गेले, त्या वर्षापासून सदर बदलावे आणि पुढे दरवर्षी तेच ठेवावे. नफा झाला की एक सदर आणि तोटा झाला की दुसरे, असे केल्यास जुनी विवरणपत्रेच आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून समोर येतात.